खारा काथ्या

मेहताजी खुर्चीवर टेकले आणि खुर्चीच्या पोटात काहीतरी 'टण्ण' झाले. आवाज तसा लहानच होता, पितळेच्या ताटलीवर चमचा निसटावा एवढा. पण पुढच्याच क्षणी मेहताजी ताडकन उठले, आणि त्यांचे धोतर खुर्चीतून वर आलेल्या गंजक्या स्प्रिंगच्या टोकाला अडकून टर्रकन फाटले. माघातली रविवारची सकाळ होती. कोपरीच्या त्या दोन खोल्यांत खाडीवरचे ऊन उंबरठा ओलांडून हातभर आत आले होते. मेहताजी पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. खाडीपलीकडच्या मिठागराच्या पेढीवर त्यांनी तीस वर्षे कारभार पाहिला होता आणि परशुरामच्या वडिलांनी, दामाजींनी, तीस वर्षे त्यांच्या हाताखाली मुकादमी केली होती. पेढी उठून दोन वर्षे झाली होती. ही खुर्चीही पेढीवरचीच. पेढी उठली तेव्हा शेटजींनी देऊन टाकलेली.

"माफी करा, मेहताजी," दामाजी हात जोडून म्हणाले. "माझीच चूक. सांगाया पायजे होतं."

"अरे, तुझी कसली चूक, दामाजी?" मेहताजी फाटका काठ मुठीत धरून हसले. "तीस वरस बसलो हिच्यावर. एक दिवस तरी बोलणारच ना ती!"

ते मनापासून हसत होते. परशुरामला त्यांचा राग आला असता तर बरे झाले असते. पण राग येण्यासारखे त्यांनी काहीच केले नव्हते. वडील मात्र भिंतीला पाठ न लावता, दोन्ही पाय जुळवून, मान किंचित पुढे काढून उभे होते. पेढीवर उभे राहायचे तसेच. मेहताजी दारात दिसल्यापासून ते असेच उभे होते आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या जमिनीवर एकदाही खाली बसले नव्हते. हे पाहून परशुरामच्या मनात काहीतरी कडवट वर येऊ लागले, आणि ते पुरते वर येण्याआधीच त्याच्या ध्यानात आले की आपणही उभे आहोत. आपण केव्हा उठलो? कुणी उठवले? तो कचेरीत कारकून होता. मॅट्रिक झालेला, इस्त्रीचा सदरा घालणारा. तरी मेहताजींची सावली उंबरठ्यावर पडताच त्याच्या गुडघ्यांनी त्याला न विचारता त्याला उभे केले होते. त्याने पायांकडे पाहिले. पाय जुळलेले होते.

मेहताजी गेले. आई, आवडाबाई, खुर्चीजवळ आली, वर आलेली स्प्रिंग तिने बोटाने दाबून पाहिली आणि नेहमीप्रमाणे घडी घातलेली गोधडी पुन्हा खुर्चीवर ठेवली. दोन वर्षे ती खुर्ची त्या गोधडीसाठीच होती. दामाजींनी ती होडीतून आणि मग डोक्यावरून घरी आणली, भिंतीशी ठेवली, आणि त्या दिवसापासून घरातले कुणी तिच्यावर बसले नाही. बसायचे नाही असे कुणी ठरवले नव्हते. देव्हाऱ्यावर कुणी बसत नाही, ते काय ठरवून?

दुपारभर परशुराम दारात बसून राहिला. ओहोटी लागली होती. चिखलाचा तो जुना, लोखंडासारखा वास येत होता, आणि त्या वासाबरोबर आठवण आली. तो आठ वर्षांचा होता. वडिलांची भाकर घेऊन तो पेढीवर गेला होता. आत काळ्या फरशीची जमीन होती, इतकी गुळगुळीत की तिच्यात खिडकी दिसे. या खुर्चीत मेहताजी बसले होते आणि समोर वडील उभे होते. कोंडीतून, म्हणजे जिथे मीठ पिकते त्या वाफ्यातून, ते थेट आले असावेत. कारण दारापासून खुर्चीपर्यंत काळ्या फरशीवर त्यांच्या पावलांचे पांढरे ठसे उमटले होते. पाचही बोटे, टाच, टाचेच्या भेगा, सगळे स्वच्छ, मिठाने काढलेल्या रांगोळीसारखे. परशुरामला ते फार सुंदर वाटले होते. तेवढ्यात मेहताजी मान वर न करता म्हणाले, "दामाजी, पाय बाहेर झटकून येत जा रे." आणि वडिलांनी डोक्याचा रुमाल सोडला, वाकले, आणि खुर्चीपासून दारापर्यंत मागे मागे सरकत आपले एकेक पाऊल पुसत आले. दारात भाकर घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्यांची पाठ लागली तेव्हा कुठे ते थांबले. "आयलास?" एवढेच ते म्हणाले होते, आणि हसलेही होते.

सोळा वर्षे झाली होती. त्या हसण्याचे काय करावे हे परशुरामला अजून कळले नव्हते. पण त्या दुपारी, भरतीचे पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा, एक गोष्ट त्याच्या मनात पक्की झाली. ही खुर्ची आपण आपल्या हाताने उसवायची, आपल्या हाताने भरायची, आणि बाबांनी तिच्यावर बसायचे. एवढेच. यातून काय साधणार, असे कुणी विचारले असते तर त्याला सांगता आले नसते. पण विचारणारे कुणी नव्हते, आणि न सांगता येणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत तो फार हट्टी होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत उत्तम म्हणाला, "अरे परशा, कल्याणच्या बाजारात खुर्च्या भरणारे बसतात ना. टाक पुढ्यात, चहा पिऊन ये, तोवर तयार!" उत्तम डोंबिवलीहून येई, शेजारच्या टेबलावर बसे, आणि जगात कुठली वस्तू कुठे स्वस्त मिळते हे त्याला पाठ होते.

"घरीच करायची आहे."

"तू? तुला टाक धड धरवत नाही रे. आणि एवढं काय आहे त्या खुर्चीचं? गव्हर्नर येणारेय का घरी बसायला?"

"माझे वडील बसणार आहेत," परशुराम म्हणाला. ते नको इतक्या मोठ्याने निघाले. दोन टेबले पलीकडचा टंकलेखक थांबला. परशुरामचे कान तापले. पण शब्द बाहेर पडला होता आणि आता तो परत घेता येत नव्हता, याचे त्याला मनातून बरेच वाटले.

त्या आठवड्यात दामाजी आगासनला बहिणीकडे गेले, आणि परशुरामने खुर्ची उलटी केली. हत्यारे म्हणजे घरातली कोयती, उसनी आणलेली पक्कड आणि एक हातोडी. खिळा उपटायचा, डबीत टाकायचा; कापडाची कड सोडवायची; जो थर निघेल तो त्याच क्रमाने जमिनीवर पसरायचा, म्हणजे परत भरताना चुकायला नको. वरचे तपकिरी कापड निघाले तर खाली हिरवे होते, आणि हिरव्याखाली एक लालसर, विटून मातीच्या रंगाचे झालेले. मग गोणपाट. मग काथ्या, वर्षानुवर्षांच्या धुळीने काळा पडलेला, दाबला जाऊन भाकरीसारखा चपटा झालेला. तो सबंध थर त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि उजेडात धरला. त्याच्या मधोमध एक खळगा होता. माणसाच्या बसण्याचा खळगा. डावीकडे थोडा अधिक खोल, कारण मेहताजी डाव्या अंगावर रेलून बसत. परशुरामने त्यात तळवा ठेवून पाहिला. तळवा थंड पडला. तीस वर्षे एक माणूस बसला की त्याचा आकार असा उमटतो. आणि तीस वर्षे एक माणूस उभा राहिला तर त्याचा आकार कशात उमटत असेल? त्याला आपले जुळलेले पाय आठवले. त्याने तो काथ्या जमिनीवर टाकला आणि बोटांनी विस्कटायला सुरुवात केली. बोटांना कुसे टोचली, नखांत धूळ गेली. पण त्या खळग्याची कड कुठे होती हे ओळखू येईनासे होईपर्यंत तो थांबला नाही.

काथ्या धुवायला हवा होता. नळाला पाणी सकाळी तासभर येई, आणि तेही रांगेत. पण परशुरामने नळाचा विचारही केला नाही. त्यांच्या घरी गोणपाट, दोर, टोपल्या, जे जे जाडेभरडे असेल ते खाडीवरच धुतले जाई. शिवाय वडिलांचे बोलणे त्याच्या कानांत लहानपणापासून होते: काथ्याला खारे पाणी पाहिजे, गोड्या पाण्यात काथ्या कुजतो. भरतीच्या वेळी तो टोपली घेऊन खाडीत गुडघाभर उतरला, आणि काळे पाणी वाहून जाऊन काथ्या सोन्यासारखा पिवळा होईपर्यंत त्याने तो पिळून पिळून धुतला. वडिलांचेच शब्द आपल्या हातांनी खरे करतो आहोत, असे त्याला वाटत होते.

बाकीच्या कामाला महिना लागला. कल्याणच्या जुन्या बाजारातून त्याने सुतळी, नवार आणि निळे जाड कापड आणले. दोन स्प्रिंगा भंगारवाल्याकडे मिळाल्या. खुर्चीत नऊ स्प्रिंगा होत्या. त्यांना खाली दाबून धरायचे, डोक्यांवरून सुतळी ताणायची आणि चौकटीच्या लाकडावर खिळ्याला आवळायची. हे दाबून धरणे एकट्याने जमेना. शेवटी त्याने आईचा वरवंटा आणि पाटा वर ठेवला. पाटा एका अंगाला कलला, पण गाठी बसल्या. "मसाला आता कशावर वाटू? तुझ्या डोक्यावर?" आवडाबाईने विचारले. त्याने पुढची गाठ आवळली. त्याच्या बोटांना आता स्वतःचे असे काही कळू लागले होते, आणि तो ते बिघडवू इच्छित नव्हता.

फाल्गुनात दामाजी परतले तेव्हा खुर्ची भिंतीशी उभी होती, निळी, गुबगुबीत, थोडीशी डावीकडे झुकलेली. त्यांनी हात लावून पाहिले. कापडावरून, कडेच्या खिळ्यांच्या ओळीवरून बोट फिरवले.

"तू केलीस?"

"हो."

"चांगली झाली."

"मग बस ना, बाबा."

"बसतू रं. घाई कसली? प्रवासाचं अंग हाय." आणि ते उंबरठ्याशी, चौकटीला पाठ लावून, रोजच्या जागी बसले.

दुसऱ्या दिवशी प्रवासाचे अंग नव्हते, तर कपडे मळके होते. तिसऱ्या दिवशी कपडे धुतलेले होते, तर "तूच बस. कचेरीत दमून येतंस." रोज सकाळी ते डोक्याचा रुमाल सोडत आणि खुर्ची पुसत, वाकून, पाठीपासून पायापर्यंत. परशुराम कचेरीला निघताना ते पाही. आपण काय केले? जुना देव झिजला होता, त्याच्या जागी नवा घडवून बसवला. आवडाबाई एकदा म्हणालीच, "देवापुढं बसतात रं परशा, देवावर नाय. कशाला छळतंस त्यांना?" मग तिने निळ्या कापडावर पुन्हा गोधडी ठेवली. उत्तम रोज विचारी, "काय, सिंहासनावर आरोहण झालं का?" आणि परशुराम रोज म्हणे, "होईल." हे तो उत्तमला नव्हे, स्वतःलाच सांगत होता.

वैशाखात वारा फिरला. कोरडा उत्तरेचा वारा पडला आणि समुद्राकडून जड, ओलसर हवा येऊ लागली. एका सकाळी आवडाबाईने गोधडी उचलली आणि नाकाशी नेली.

"परशा, ये बघ. तुझी खुर्ची मुतली रं!"

गोधडी खालून ओली होती. निळे कापड काळे पडले होते, आणि त्या ओलीच्या कडेकडेने एक पांढरी रेघ उमटली होती, भरतीची खूण उमटावी तशी. खिळ्यांभोवती तांबडे गंजाचे डाग होते. परशुराम पाहत राहिला. ती रेघ त्याच्या ओळखीची होती. काळी फरशी, पाचही बोटे, टाचेच्या भेगा. इतका महिनाभर खपून, बोटे सोलून, शेवटी आपण तेच वर आणले? क्षणभर त्याला वाटले, ही खुर्ची उचलावी आणि खाडीत लोटून द्यावी. मग त्याने कोयती घेतली, खुर्चीपुढे गुडघे टेकले, आणि पहिला खिळा उपटला. मग दुसरा. पुन्हा उसवायची तर पुन्हा. दहादा उसवावी लागली तर दहादा.

दामाजी उंबरठ्यावरून उठून आले. त्यांनी उघड्या पडलेल्या काथ्यात दोन बोटे खुपसली, बाहेर काढली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. कोंडीतले पाणी पिकले की नाही, हे ते असेच ठरवीत. मग त्यांचे खांदे हलू लागले. परशुरामला वाटले, ते रडताहेत. पण ते हसत होते, आवाज न करता, पोट धरून.

"खाडीत धुतलास?"

"तूच म्हणायचास, काथ्याला खारं पाणी पाहिजे म्हणून."

"दोराच्या काथ्याला रं! दोर पाण्यात राहतो. ह्याच्यावर माणूस बसायचा हाय." त्यांनी डोळे पुसले. "मीठ कवा मरत नाय, पोरा. निजतं. हवा आली का जागं होतं. मिठागरात जन्मलास आन् खुर्चीत मिठागर भरलंस!" मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. परशुरामने तो आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. तो बांधावरचा होता, चाळीस माणसांना हलवणारा. "आवडे, हांडा आण. गोडं पाणी. तीन पाण्यांतून काढूया."

"प्याया नाय पुरत आन् खुर्चीला हांडे!" आवडाबाई म्हणाली, पण हांडा आणला.

तीन सकाळी तीन पाणी झाली. प्रत्येक वेळी दामाजी पिळलेला थेंब जिभेवर घेत आणि मान हलवीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी थेंब चाखला, थोडे थांबले, पुन्हा चाखला. "आता गोडं," ते म्हणाले. काथ्या उन्हात वाळला. गंजलेले सगळे खिळे, स्प्रिंगांच्या सुतळीचेही, उपटून फेकून दिले. रविवारी सकाळी परशुराम स्प्रिंगा बांधायला बसला आणि पाटा आणायला उठला तेव्हा वडील म्हणाले, "पाट्यानं एका अंगाला कलंडली ती. दगडाला काय कळतं, कुठं जास्ती दाबायचं?" ते आत गेले आणि आपला जेवायला बसायचा लाकडी पाट घेऊन आले. तो त्यांनी नऊ स्प्रिंगांवर आडवा ठेवला, हाताने दाबून पाहिला, इकडे तिकडे सरकवला. मग वळले, आणि त्यावर बसले.

"हं. वढ आता."

परशुरामने वर पाहिले नाही. पाहिले असते तर वडिलांना कळले असते आणि कळले असते तर ते उठले असते. तो खुर्चीच्या बगलेला वाकला, सुतळी लाकडाशी ओढून घेतली, खिळ्याभोवती गुंडाळली, ठोकली. "डावीकडं ढिलं हाय," वरून आवाज आला, आणि वजन डावीकडे सरकले. "हां, आता." एक बाजू झाली. दुसरी झाली. त्याला दिसत होते ते फक्त वडिलांचे पाय, त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर. काळे, खरबरीत, टाचांच्या भेगांत कधीच न निघणारी पांढरी रेघ असलेले. तिसऱ्या बाजूची सुतळी त्याच्या मुठीत पुरती ताणलेली होती आणि खिळा अर्धा आत गेला होता, तेव्हा दारातले ऊन एकाएकी कमी झाले.

"दामाजी, हाय का घरात? लगन चांगलं झालं बघ. तू आला नाहीस. म्हटलं, मिठाई तरी देऊन यावं."

मेहताजींचा आवाज. परशुराम पाहत होता ते पाय हलले. आधी बोटे जमिनीत रुतली. मग दोन्ही पावले जवळ आली, जुळली. मग टाचा उचलल्या. वर वजन हलके झाले आणि मुठीतली सुतळी तळव्याला कापत सरकली.

"उठू नकोस, बाबा," परशुराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी होता. "दोरी निसटेल."

टाचा तशाच अधांतरी राहिल्या. तीस वर्षे त्या दोन टाचांच्या मागे उभी होती आणि त्यांना वर ढकलत होती. खाली फक्त एक सुतळी होती आणि तिचे एक टोक परशुरामच्या मुठीत होते. त्याने ते सोडले नाही. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडली. चुलीपाशी आवडाबाईच्या बांगड्याही वाजल्या नाहीत.

मग टाचा सावकाश खाली आल्या. आधी उजवी, मग डावी. पावले एकमेकांपासून सुटली आणि ऐसपैस टेकली.

"मेहताजी, या," वरून आवाज आला, थोडा घोगरा. "उठाया नाय येत बघा. हाताखाली काम हाय. आवडे, चटई टाक."

मग वहाणा काढल्याचा आवाज आला. मेहताजींनी उंबरठ्याबाहेर पाय झटकले, एक, दोन, आणि आत आले. चटई करकरली. "बस रे, बस," ते हळूच म्हणाले. "वजन दिलंच पाहिजे. त्याशिवाय गाठ बसत नाही." आणि थोडे थांबून, "निळा रंग चांगला घेतला."

परशुरामने हातोडी उचलली. खिळा पुरता आत गेला. सुतळी तारेसारखी ताठ झाली होती. बोटाने छेडली असती तर वाजली असती. आता एकच बाजू उरली होती, तीन गाठींची.

"झालं का रं?" दामाजींनी विचारले.

"नाही, बाबा," तो म्हणाला. त्याने पुढचा खिळा ओठांत धरला, सुतळीचे टोक हातात घेतले आणि ते घाई न करता उलगडू लागला. "अजून पुष्कळ आहे. बसून राहा."